वानरं कधी, काय आणि का खातात: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हरभऱ्याला घाटे धरले, केळीचे घड भरायला लागले किंवा गावात नवं माकड दिसलं, की आमच्याकडे प्रश्न यायला लागतात. बहुतेक रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा आणि चाळीसगावकडून येतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा दिलेलं नाही, दुसरीकडे असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. आमच्या शेतात येतं ते वानर की माकड? दोघांचं खाणं एकच ना?

काळं तोंड, करडं अंग आणि अंगापेक्षा लांब शेपूट असेल तर ते वानर. लालसर तोंडाचं, बुटकं, भुरकट असेल तर माकड. खाणं एक नाही, आणि फरक पोटातच आहे. वानराच्या जठराला कप्पे असतात. तिथे जिवाणू पाला आंबवतात आणि त्यातून वानराला ताकद मिळते. माकडाचं जठर आपल्यासारखं साधं असतं, पण त्याच्या गालात पिशव्या असतात. मिळेल ते गालात कोंबायचं, पळायचं आणि सुरक्षित जागी बसून चघळायचं. म्हणून माकड दोन मिनिटांत दुकानासमोरचे शेंगदाणे लांबवतं, आणि वानर बांधावरच्या झाडावर तासन्‌तास बसून खातं. खान्देशात तक्रारी बहुतेक वानरांच्या असतात, त्यामुळे पुढची उत्तरंही मुख्यतः त्यांच्याबद्दल आहेत. माकडांचं वेगळं म्हणून प्रश्न १२ मध्ये आहे.

२. वानर म्हणजे पालाच खाणार. मग ऋतू बदलल्याने त्याला काय फरक पडतो?

पाला आणि पाला यांत फार अंतर असतं. कोवळ्या पानात प्रथिनं जास्त, तंतू कमी. जून पानात उलटं, शिवाय कडवट-तुरट द्रव्यंही साठलेली. वानराचं पोट जून पानं पचवू शकतं, पण कोवळी मिळाली तर ते जूनकडे बघत नाही. पानांच्या जोडीला कळ्या, फुलं, कच्ची फळं, शेंगांमधल्या बिया, डिंक आणि कधीकधी अळ्या-किडेही त्याच्या खाण्यात असतात. यातलं काय किती, हे महिन्यागणिक बदलतं.

पळस फुलला की झाडाखाली थोडा वेळ उभं राहून बघा. वानर फांदी ओढून घेतं, फूल खुडतं, बुडखा दातांत धरून चावतं आणि केशरी पाकळ्या तशाच टाकून देतं. मध आणि मऊ गाभा बुडख्याशीच असतो. खाली पडलेल्या पाकळ्या हातात घेऊन पाहिल्या तर दातांनी कापलेली कड स्पष्ट दिसते, वाऱ्याने गळलेलं फूल मात्र अखंड असतं. वानरं येऊन गेली का, हे ओळखायला यापेक्षा सोपी खूण नाही.

३. सातपुड्यात वर्षभर त्यांना काय मिळतं? महिन्यांप्रमाणे सांगाल का?

सांगतो, पण हे पंचांग नव्हे. पाल आणि तोरणमाळ या सातपुड्यातल्या ठिकाणांच्या उंचीत फरक आहे, अनेर धरणाकाठचं जंगल वेगळं आणि चाळीसगावकडचं पाटणादेवीचं वेगळं. आठ-पंधरा दिवस इकडेतिकडे होणारच.

होळीच्या आगेमागे पळस फुलतो. लगेच पाठोपाठ मोह. मोहाची फुलं रात्री फुलतात आणि पहाटे गळतात. पावरा आणि भिल्ल बाया टोपल्या घेऊन येतात तेव्हा वरच्या फांद्यांवर वानरांची न्याहारी चालू असते. मार्च-एप्रिलमध्येच पिंपळाला तांबूस पालवी येते, करंज हिरवागार होतो. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमाराला टेंभरं (तेंदूची फळं) आणि चारोळी पिकायला लागतात. चिंचेला नवी पानं येतात, तीही आंबटपणासकट खाल्ली जातात. पाऊस पडला की साग पानावर येतो, वेली वाढतात, गवतात आणि पानांवर अळ्यांची चंगळ असते. श्रावण-भाद्रपदात हिरवं इतकं असतं की कळपाला फार हिंडावं लागत नाही. दसऱ्यानंतर पानं जून व्हायला लागतात. थंडीत आवळा आणि बोरं येतात, चिंचा भरतात, पण पानगळ सुरू झालेली असते आणि नवी पालवी अजून लांब असते.

या सगळ्यात उंबर, वड आणि पिंपळ यांना वेगळं काढावं लागतं. या जातींची सगळी झाडं एकाच महिन्यात फळत नाहीत. एक उंबर संपतो तेव्हा ओढ्याच्या दुसऱ्या वळणावरचा लगडलेला असतो. म्हणून बाकी सगळं ओसरलेलं असताना वानर, माकड, हरियाल, धनेश, वटवाघळं, सगळे त्या एका झाडावर जमतात.

४. मे महिन्यात सातपुडा नुसता वाळून कोळ होतो. वानरांचे खरे हाल तेव्हाच होत असणार, बरोबर?

अन्नाच्या बाबतीत नाही. लांबून डोंगर भाजलेला दिसतो, पण आपल्याकडच्या पानझडी जंगलातली बरीच झाडं पावसाची वाट बघत नाहीत. एप्रिल-मेच्या भर उन्हातच त्यांना पालवी फुटते. मुळं खोलवरचं पाणी ओढतात, आणि पाऊस येऊन किडे वाढण्याआधी पानं तयार झालेली झाडाच्या फायद्याची असतात. त्यामुळे रस्त्यावरून उजाड दिसणाऱ्या नाल्यात वानराला वर्षातली उत्तम पालवी मिळत असते.

उन्हाळ्यात अडतं ते पाणी. ४५ अंशांच्या पुढे पारा गेला की कोवळ्या पानांतला ओलावा पुरत नाही. कळप पाणवठ्याला बांधला जातो आणि पाण्यापासून लांब असलेली पालवी तशीच राहते. यावल अभयारण्याच्या कडेच्या गावांत मे महिन्यात वानरं हौदावर येतात, ती तहानेने. ‘जंगलात खायला उरलं नाही’ हे त्यामागचं कारण समजणं घाईचं होईल.

खाण्याची खरी ओढाताण डिसेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत असते. तेव्हा पोट भरायला असतं, पण त्यात दम नसतो: जून पानं, सुकत चाललेल्या शेंगा, साल, डिंक. शेताच्या तक्रारींचं मूळ इथे आहे (प्रश्न ७).

५. खाणं कमी झालं की कळपाच्या वागण्यात काय बदल दिसतो?

माकडवर्गात यावर दोन तऱ्हा दिसतात. फळांवर जगणारे प्राणी जास्त हिंडतात, कारण पुढचं झाड शोधावंच लागतं. पानांवर जगणारे उलट करतात. निकस खाण्यातून मिळणारी ताकद हिंडण्यात घालवून परवडत नाही, म्हणून ते चालणं कमी करतात आणि बसून राहतात. वानर बरंचसं दुसऱ्या तऱ्हेचं. थंडीत सकाळी उशिरापर्यंत कळप उंच फांद्यांवर पूर्वेकडे तोंड करून ऊन खात बसलेला दिसतो. तो आळस नव्हे. जून पाला आंबून पचायला वेळ लागतो आणि उन्हातली ऊब फुकट मिळते.

भांडणं मात्र कमी-जास्त होतात ती अन्न किती आहे यापेक्षा कसं पसरलंय यावर. पालवी डोंगरभर पसरलेली असेल तर कोणी कोणाशी भांडत नाही. एकच मोह फुललेला असेल, किंवा कोणी पायरीवर एक पाटी केळी ओतली असतील, तर दात दिसतात, किंकाळ्या ऐकू येतात आणि कमजोर माद्या व पिल्लं बाजूला पडतात.

६. पिल्लं ठराविक महिन्यातच होतात का?

माकडांची होतात. उत्तर भारतातली लालतोंडी माकडं पावसाळा संपल्यावर जोडी जमवतात, गर्भ साधारण साडेपाच महिन्यांचा असतो आणि पिल्लं मार्च ते जूनच्या दरम्यान जन्मतात. म्हणजे मादीला दूध पाजायला सगळ्यात जास्त ताकद लागते तेव्हा पालवी, फळं आणि मागोमाग पावसाळा असतो.

वानरांचं थोडं सैल आहे. गर्भ साडेसहा-सात महिन्यांचा. नेपाळमधल्या रामनगरच्या जंगलात, जिथे कोणी खाऊ घालत नाही, तिथे मादी अंगाने भरलेली असेल तेव्हाच गाभण राहण्याचं प्रमाण जास्त दिसलं आणि जन्म वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत एकवटले. जोधपूरच्या आसपास लोक वर्षभर वानरांना खाऊ घालतात, तिथे पिल्लं बाराही महिने जन्मतात. प्राणी एकच, पण अन्नाचा चढउतार काढून घेतला की पाळणाही ऋतू विसरतो. तुमच्या गावच्या कळपात दिवाळीत काळंकुळकुळीत तान्हं दिसलं, तर त्या कळपाला बारमाही खाणं कुठून मिळतं हे आधी शोधा.

७. वानरं हरभऱ्यात आणि केळीतच का घुसतात? जंगल तोडलं म्हणून का?

जंगल तुटलं हे खरं आहे, पण तेवढ्याने महिना ठरत नाही. महिना ठरतो तो दोन हंगाम एकमेकांना भिडतात म्हणून. डिसेंबर-जानेवारीत जंगलात जून पाला असतो आणि त्याच वेळी तापीकाठी हरभरा घाट्यावर येतो. कोवळा घाटा म्हणजे प्रथिनं, साखर आणि पाणी एकत्र. जमिनीपासून हातभर उंचीवर, न शोधता, ओळीने लावलेला. वानराने दुसरं काय करावं अशी आपली अपेक्षा आहे?

केळीचं गणित निराळं आहे. हरभरा महिना-दीड महिन्याचा पाहुणा. केळीची लागवड मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला) आणि कांदेबाग (पावसाळ्यानंतर) अशा दोन हंगामांत होते, ठिबक चालूच असतं आणि शिवारात कुठल्या ना कुठल्या बागेत केळफूल, कोवळा घड किंवा मऊ पोंगा असतोच. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली जळगावची केळी वानराच्या बाजूने बघितली तर बारमाही उंबरच आहे. हरभऱ्याच्या गावात तक्रार थंडीपुरती येते, केळीच्या गावात ती वर्षभर येते. एकदा कळप बागेच्या कडेला राहायला लागला की मार्चमध्ये पालवी फुटली म्हणून तो परत जाईलच असं नाही.

राखणीलाही यावरून दिशा मिळते. हरभऱ्यासाठी घाटे भरायच्या त्या थोड्या दिवसांत, पहाटे आणि चारनंतर माणूस शेतात असणं, सगळ्या फटाक्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतं. केळीत नुसत्या आवाजाचा धाक पंधरा दिवसांत ओसरतो. नुकसान झालं तर लगेच फोटो काढून वन विभागाच्या जवळच्या कार्यालयात अर्ज द्या, शिळ्या नुकसानीचा पंचनामा अवघड जातो. वानराला मारणं किंवा परस्पर पकडून दुसरीकडे सोडणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

८. शनिवारी मारुतीच्या देवळात वानरांना केळी, चणे, गूळ देतो. पुण्यच ना?

भावनेबद्दल वाद नाही. पोटाबद्दल आहे. वानराच्या जठरातले जिवाणू पाला आंबवायला असतात. गोड, पिकलेलं फळ किंवा गूळ एकदम भरपूर गेला तर आंबवणं भराभर होतं, आम्ल वाढतं आणि पोट बिघडतं. जंगलात वानर कच्ची फळं आणि बिया एवढ्या आवडीने का खातं, त्याचं हेही एक कारण आहे. बिस्किटं आणि कुरकुऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको, पाकिटासकट खाल्लेली पाहिली आहेत.

शिवाय हात पुढे करून दिलं की वानर माणसाकडे बघायला शिकतं, आणि हात रिकामा दिसला की पिशवी ओढतं. मनुदेवी, पाटणादेवी अशा जंगलातल्या देवस्थानांना जाताना हे जास्त लक्षात ठेवा. तिथे कळपाला लागणारं सगळं आसपास असतं. द्यायचंच असेल तर देवळाजवळच्या उंबराला उन्हाळ्यात चार घागरी पाणी घाला.

९. मोहाची फुलं खाऊन वानरं झिंगतात हे खरं का?

ताज्या फुलात साखर असते, दारू नसते. दारू व्हायला फुलं आंबवावी आणि गाळावी लागतात. झाडाखाली दोन-तीन दिवस ओलीत पडलेली फुलं थोडी आंबतात हे खरं, पण वानर वरची ताजी खातं. मोहाखाली सुस्त पडलेलं वानर बहुधा पोट तुडुंब भरलेलं असतं. बाकीच्या कथा पारावरच्या आहेत आणि सांगायला मजेदार आहेत.

१०. मुलाच्या शाळेचा प्रकल्प आहे. दुसऱ्या देशांतली माकडं टंचाईत काय करतात?

मादागास्करचा जाडशेपटी बुटका लेमूर पावसाळ्यात शेपटीत चरबी साठवतो आणि कोरड्या काळात सात महिन्यांपर्यंत झाडाच्या ढोलीत निद्रिस्त राहतो. इथिओपियाच्या पठारावरचे गेलाडा गवत खातात आणि गवत वाळलं की जमीन उकरून मुळं-खोडं काढतात. जपानची हिममाकडं हिवाळ्यात साल आणि कळ्यांवर निभावतात. आफ्रिकेतले चिंपांझी फळं मुबलक असताना मोठ्या टोळक्यात हिंडतात, फळं घटली की दोन-चार जणांत विखुरतात, म्हणजे एका झाडावर गर्दी होत नाही. (आपलं वानर असं विखुरत नाही, पाल्यावर जगणाऱ्याला त्याची तेवढी गरज पडत नाही.)

सगळ्यात ठळक उदाहरण बोर्निओचं. तिथल्या जंगलात काही वर्षांच्या अंतराने असंख्य झाडं एकदम फळतात. तेव्हा ओरांगउटान पोटभर खाऊन चरबी चढवतात. नंतरच्या पडीच्या महिन्यांत ते साल आणि पानांवर येतात. गुनुंग पालुंगच्या जंगलात संशोधकांनी त्यांची लघवी तपासली तेव्हा तिच्यात किटोन सापडले, म्हणजे शरीर स्वतःची चरबी जाळत होतं. उपाशी माणसाच्या लघवीतही हेच सापडतं. प्रकल्पात हे घातलं तर बाई खूश होतील.

११. वानर आणि हरीण बरोबर चरतात म्हणे. आमच्याकडे तर दिसत नाही.

कान्हासारख्या जंगलात चितळांचे कळप वानरांच्या झाडाखाली थांबतात. वानर जेवढं खातं त्याहून बरंच खाली टाकतं, आणि गवत वाळलेलं असताना तो पाला चितळाला उपयोगी पडतो. वरून बिबट्या किंवा वाघ दिसला तर वानर खाकरतं, तेही फायद्याचं. आपल्याकडे चितळ फार थोडं उरलं आहे, म्हणून हे दृश्य सहसा दिसत नाही. त्याऐवजी वानरांच्या झाडाखाली गावच्या शेळ्या मात्र हमखास दिसतील, आणि राखणारा पोरगाही ते झाड बघूनच कळप हाकतो.

१२. आमच्या गावात अलीकडे लालतोंडी माकडं दिसतात. आधी नव्हती. ही कुठून आली?

आधी कोणती ते बघा. शेपूट आखूड, साधारण अर्ध्या अंगाएवढं असेल तर ते उत्तरेकडचं ऱ्हीसस. शेपूट लांब आणि डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस असतील तर दक्षिणेकडचं टोपीवालं. जुन्या नोंदींप्रमाणे पश्चिम भारतात या दोघांच्या मधली सीमा म्हणजे आपली तापी, पूर्वेकडे गोदावरी. म्हणजे खान्देश बरोबर शिवेवर आहे. गेल्या काही दशकांत ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकलं आहे आणि टोपीवाल्याचा मुलूख आक्रसला आहे. रस्ते, रेल्वे, देवळांतलं खाणं आणि एका गावची माकडं पकडून दुसऱ्या गावाजवळ सोडणं, या सगळ्याने त्याला हात दिला. ऋतूंशी याचा संबंध असा, की जे माकड माणसाच्या खाण्यावर जगायला शिकलं त्याला जंगलाचा पडता काळ अडवत नाही. शेपटीसकट पूर्ण दिसेल असा फोटो ठेवा.

१३. दुष्काळी वर्षी सगळंच बिघडतं का?

सगळं नाही. पाऊस कमी झाला की पावसाळी वेली, अळ्या आणि बोरांचा बहार यांना फटका बसतो, म्हणून पुढची थंडी जास्त कठीण जाते. खोल मुळांची झाडं एका वर्षाच्या तुटीला सहसा दाद देत नाहीत. लागोपाठ दोन वर्षं गेली तर फरक दिसतो: रोडावलेल्या माद्या, कमी तान्ही, आणि ओलिताच्या शिवाराकडे आधीच सरकलेले कळप. अवकाळी पाऊस आणि गारपीट यांचं दुखणं वेगळं. मोहाच्या ऐन फुलोऱ्यात गारा पडल्या तर माणसाचा आणि वानराचा, दोघांचा हंगाम एका दुपारी जातो.

१४. वानरांसाठी जंगलाकडेला झाडं लावायची आहेत. आंबा, पेरू चालेल का?

नको. आंबा-पेरू लावले तर तुम्ही आणखी एक बाग लावलीत, एवढंच. हंगामाची पोकळी भरणारी झाडं हवीत: उंबर, वड, पिंपळ, पिंपरण, जोडीला मोह, टेंभुर्णी, करंज. उंबर एक-दोन नको, ओढ्याने अंतरा-अंतरावर हवेत, म्हणजे त्यांची फळं आगेमागे येतील (प्रश्न ३). शेताच्या बांधापासून लांब आणि पाण्याजवळ लावा. रस्ता रुंदीकरणात गेलेल्या जुन्या वडांच्या बदल्यात गुलमोहर लावण्याची पद्धत मला अजिबात पटत नाही.

१५. आमचा कळप बाराही महिने गावातच असतो. जंगलात नाही, शेतात नाही. मग ऋतूचा नियम त्याला लागत नाही का?

लागतो, फक्त त्याचं जंगल म्हणजे तुमचं गाव. कडुनिंबाची पालवी, निंबोळ्या, पारावरचा पिंपळ, शाळेमागची चिंच, परसातला शेवगा असा त्याचा फेरा असतो. महिनाभर रोज कोणत्या झाडावर बसला ते लिहून काढा, फेरा कागदावर उतरेल. बिघाड होतो तो उकिरडा आणि देवळातलं खाणं यांमुळे, कारण त्यांना ऋतू नाही (प्रश्न ६ आणि ८).

१६. बांधाला लागून हरभरा आहे, घाटे भरलेत, तरी वानरं बोरीवरच बसतात. शेजाऱ्याच्या शेतात मात्र जातात. हे कसं काय?

असं विचारणारे पुष्कळ आहेत, आणि बहुतेकांना शेजाऱ्याचा हेवा नाही, धास्ती असते. वानर फक्त चव बघत नाही, पळायची वाटही बघतं. शेताच्या कडेला उंच झाड असेल तर ते उतरतं, चार मुठी घाटे ओरबाडतं आणि कुत्रं दिसताच वर जातं. तुमच्या बांधावर बोरीशिवाय काही नसेल, तर उघड्या रानात पन्नास पावलं जाणं त्याला महाग वाटतं. बोर काटेरी आणि बुटकी असते, तिच्यावर चढून कुत्र्याची भीती पुरती जात नाही. दुसरं कारण घाट्याच्या वयात आहे. पेरणी आठ-दहा दिवस मागेपुढे असेल तर एका शेतात घाटे दुधावर असतात आणि दुसऱ्यात टणक झालेले असतात. शेजाऱ्याचा एक आणि तुमचा एक घाटा सोलून दाणा नखाने दाबून बघा. तुमचे अजून भरायचे असतील, तर राखण आजपासूनच लावा.